टकटक्याचं गाणं

एस्पो, फिनलंड
रविवार, १५ जून २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी महत्त्वाचं सांगते. टकटक्या सापडला, तुमच्या वहीतला तो कधी न दिसलेला पक्षी. नुसता सापडला नाही, मी त्याला गाताना ऐकलं. काल रात्री पावणेबारा वाजता, आणि तेही उजेडात.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तब्येत, भाजी, पाणी किती वाजता आलं यातच वीस मिनिटं जातात, आणि ही गोष्ट अशी घाईत सांगायची नाही. शिवाय तुमचं एक देणं पाच महिने माझ्याकडे थकलंय. जानेवारीत मी निघताना टॅक्सीत सामान चढत होतं आणि तुम्ही वॉकर धरून दारात उभे होतात. ‘‘येऊरच्या पक्ष्यांची यादी राहिली गं,’’ एवढंच म्हणालात. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच येऊरला तुमच्याशिवाय कुणी गेलं होतं, आणि आल्यावर तुम्हाला नीट सांगायलाही मला वेळ झाला नाही. पाहुणे, मग संक्रांत, मग विमान. ते वाक्य मी इथपर्यंत बरोबर घेऊन आले. आज यादी आणि टकटक्या, दोन्ही एकदम देते.

तर रविवार, १२ जानेवारी. अथर्वला मी साडेपाचला उठवलं. वहिनी म्हणत होती, तो उठायचा नाही. तो बूट घालूनच झोपला होता! नौपाड्यातून रिक्षा मिळाली आणि सव्वासहाला आम्ही उपवनला उतरलो. अजून अंधार होता. काठावरचे दिवे पाण्यात लांब ओघळलेले, आणि मागे येऊरचा डोंगर नुसता काळा. थंडी तुम्हाला आवडते तशी होती, कानाला लागेल पण हात खिशात घालावे लागणार नाहीत इतपत.

तळ्यावर आम्ही पाऊण तास बसलो. पहिला आवाज खंड्याचा, तुम्ही सांगता तसाच, दिसायच्या आधी. मग उजाडलं तसे लहान पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसले, पाच. ढोकरी पायरीला लागून इतकी गप्प उभी की अथर्व तिच्यापासून दहा फुटांवर होता तरी त्याला दिसली नाही. ती उडाली आणि मातकट रंगातून एकदम पांढरे पंख बाहेर आले, तेव्हा तो ‘‘आत्या, ही कुठे होती?’’ म्हणाला. करडा धोबी एक, शेपटी हलवत काठाकाठाने चाललेला. दोन गायबगळे. घारी पुष्कळ, मोजल्या नाहीत. पाणकोंबडी नाही. तुमच्या जुन्या वहीत उपवनच्या प्रत्येक फेरीला पाणकोंबडी आहे, बाबा. आता काठाला गवतच राहिलेलं नाही, तर ती बिचारी लपणार कुठे? फिरायला येणाऱ्यांची सोय झाली हे खरं, मीही त्या वाटेवर आरामात चालले. पण तळ्याचा एक कोपरा तरी चिखल-गवताचा राहू द्यायला हवा होता असं मला तिथे बसून फार वाटलं. पाणकोंबडीला काही मोठं अरण्य लागत नाही, एक कोपरा लागतो.

मग चालत वर. नाक्यावर नोंद केली, पैसे भरले. तिथल्या माणसाने अथर्वच्या गळ्यातली तुमची दुर्बीण बघितली आणि विचारलं, ‘‘आजोबा नाही आले?’’ म्हणजे तुम्हाला तिथे ओळखतात. मी गुडघ्याचं सांगितलं. ‘‘पावसाळ्यानंतर घेऊन या, गाडी वरपर्यंत सोडतो,’’ म्हणाला. हा निरोप पोचवायचा होता, तो आज पोचवते.

वळणाच्या रस्त्यावर भारद्वाज आडवा गेला. आई, तुला सांगायलाच हवं म्हणून लिहिते, डावीकडून उजवीकडे. पुढे सागाची पानं पाचोळ्यात पडलेली, त्यावरून सातभाईंची टोळी नेहमीसारखी भांडत चाललेली. सात नव्हते, नऊ होते. शिपाई बुलबुल, लालबुड्या बुलबुल, सुभग, शिंजीर, शिंपी, दयाळ हे सगळे पहिल्या अर्ध्या तासात. एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर हरियल उन्हाला बसले होते, अकरा. ऊन नुकतंच तिथवर पोचलं होतं आणि पोटाचा तो पिवळा-हिरवा रंग इतका स्वच्छ दिसत होता की अथर्वने दुर्बीण खालीच ठेवली नाही. पाय हळदीसारखे पिवळे असतात हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, तिथे बघितलं. ‘‘हा आपला राज्यपक्षी,’’ म्हटलं, तर म्हणाला, ‘‘मग तो नोटेवर का नाही?’’ हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाटोणापाड्याच्या अलीकडे एक गंमत झाली. वरून सर्पगरुडाची शीळ आली. अथर्व मान मोडेपर्यंत आकाशात शोधत होता. पुन्हा शीळ, पण आता ती झाडीतूनच, खालून. बघतो तर भृंगराज! शेपटीच्या दोन तारा, टोकाला ती पिसं, आणि हा पठ्ठ्या गरुडाचा आवाज काढून बसलाय. लगेच पुढे शिक्रा काढला, मग कुणाचं तरी मांजरासारखं काहीतरी. तुम्ही मला सहावीत असताना हाच प्रकार दाखवला होतात, आणि मी त्या दिवशी शाळेच्या निबंधात लिहिलेलं बाईंना खोटं वाटलं होतं. अथर्वला मी सांगितलं, तू खुशाल लिही, आत्या साक्षीला आहे.

लाल छातीची माशीमार एक, नर, गळ्याशी नारिंगी ठिपका. शेपटी वर उचलून ‘ट्रर्र’ करणारी. हळद्या एक. तांबट ऐकला, दिसला नाही. काटेसावरीला फुलं यायला लागली होती, तिथे भोरड्यांचा बाजार भरलेला. एका आजींकडून बोरं घेतली, त्यांनी अथर्वच्या खिशात मूठभर आवळे वेगळे घातले आणि पैसे घेतले नाहीत.

आणि मग टकटक्या.

बाबा, तुमच्या १९९३ सालच्या वहीत, निळ्या शाईत, तुमच्या अक्षरात आहे: ‘टकटक्या? जाळीत. दिसला नाही.’ नंतरच्या प्रत्येक वर्षी ऑक्टोबर ते एप्रिल हीच नोंद, तेच प्रश्नचिन्ह. आपल्या सोसायटीच्या मागे मेंदीच्या कुंपणातही हाच आवाज. लहानपणी मी अभ्यासाला गॅलरीत बसायचे तेव्हा खालून ‘टक्… टक्…’ असं दोन दगड एकमेकांवर हळूच आपटावेत तसं यायचं. आई म्हणायची, पाल असेल. तुम्ही म्हणायचात, पाल नव्हे, वटवट्याच्या जातीचा कुणीतरी, पण कोण ते दिसल्याशिवाय लिहायचं नाही. हा तुमचा नियम. ‘दिसल्याशिवाय लिहायचं नाही, आणि खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह.’ त्या नियमामुळे तो बत्तीस वर्षं प्रश्नचिन्हावर राहिला.

येऊरला वाटेच्या डाव्या अंगाला घाणेरी आणि करवंदीची एकात एक जाळी आहे ना, तुम्ही जिथे पाणी प्यायला थांबता, तिथेच. ‘टक्.’ आम्ही खाली बसलो. वीस मिनिटं. आवाज हातभर डावीकडे, मग हातभर उजवीकडे, मग बरोबर समोर, आणि पान हललेलं तेवढं दिसायचं. अथर्व दहा वर्षांचा आहे, पण तो वीस मिनिटं हलला नाही, हे मी तुम्हाला मुद्दाम लिहिते. शेवटी जाळीच्या एका भोकात, कारवीच्या वाळक्या काडीवर, तो तीन सेकंद आला. मला फक्त शेपटी दिसली. अथर्वला सगळा दिसला. घरी आल्यावर त्याने चित्र काढलं, त्याचा फोटो मी ठेवलाय: मातकट-तपकिरी, अंगावर एक रेघ नाही, पोट मळकट पांढरं, चोच लांबुडकी, डोळ्याच्या पुढे फिकट भुवई, ती डोळ्याच्या मागे लगेच विरते. खाली त्याने लिहिलंय, ‘काहीच डिझाइन नाही.’ बाबा, हे वर्णन अगदी अचूक निघालं.

आता काल रात्रीचं.

आमच्या शेजारच्या आजी आहेत, निवृत्त शिक्षिका, त्यांच्याबद्दल मी बोलले होते. त्यांच्याही गुडघ्याचं तुमच्यासारखंच ऑपरेशन झालंय, दोन वर्षांपूर्वी. त्या काल म्हणाल्या, रात्रीचे गाणारे ऐकायला येतेस का? इथे जूनमध्ये पक्षी बघणारे लोक रात्री बाहेर पडतात. सूर्य मावळतो अकराच्या जरा आधी आणि चारच्या आत उगवतो, मध्ये अंधार असा पडतच नाही. तिन्हीसांजेचा उजेड रात्रभर टिकतो. अशा वेळी काही पक्षी फक्त रात्रीच गातात, आणि त्यांना भाषेत वेगळा शब्द आहे, रात्रगायक.

आम्ही गेलो पित्कॅयॅर्वीला. नावाचा अर्थ लांब तळं. आपण ठाणेकर तलावांचं शहर म्हणून अभिमानाने सांगतो, या देशात पाचशे चौरस मीटरहून मोठी तळी १,८७,८८८ आहेत, मोजलेली. तरी सांगते, तळ्याकाठी उभं राहिल्यावर मला आपला मासुंदा तलावच आठवतो. एका बाजूला बर्च आणि स्प्रूसचं रान, दुसऱ्या बाजूला गवताची कुरणं, पाण्याला लागून वाळुंजाची झुडपं आणि बोरूचं उंच गवत. पाण्यात हंसांची जोडी होती, चार पिल्लं. पिल्लं करडी असतात. हा इथला राष्ट्रीय पक्षी, आणि तो इथल्या एक युरोच्या नाण्यावर आहे, उडणारे दोन हंस. अथर्वला सांगा, त्याच्या प्रश्नाचं मला तिथे उत्तर सुचलं नाही, पण एक नाणं त्याच्यासाठी बाजूला ठेवलंय. १९५० च्या सुमाराला हे हंस देशभरात मिळून जेमतेम पंधराएक जोड्या उरले होते. शिकारीवर बंदी त्याआधीच आली होती, पण ते खरोखर वाचले लोकांनी मनावर घेतल्यावर. आता ते हजारोंनी आहेत.

आजींनी घडीचं स्टूल आणलं होतं, तीन पायांचं, काठीसारखं हातात धरता येतं. पन्नास पावलं चालायचं, स्टूल उघडायचं, बसून ऐकायचं. बाबा, हे स्टूल मी तुमच्यासाठी घेतेय, नको म्हणू नका. कॉफीचा थर्मास होता आणि मी थालीपिठं नेली होती. डासांनी मात्र फोडून काढलं.

आधी गवतातून कुणीतरी कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसं, दोनदा, पुन्हा दोनदा. तो पक्षी दिसतच नाही म्हणे, नुसता ओरडत राहतो. मग रानाच्या कडेने एक जबरदस्त गवई सुरू झाला. त्याचं इथलं नाव साताकिएली, म्हणजे शंभर जिभांचा. आजींना वाटलं मी त्याच्यावर खूश होऊन थांबले. मी थांबले होते त्याच्या अलीकडच्या झुडपासाठी. तिथून आलं,

‘टक्… टक्.’

अंगावर काटा आला, बाबा. क्षणभर मला गॅलरी, अभ्यासाचं टेबल आणि खालचं मेंदीचं कुंपण दिसलं. मी आजींचा हात धरला. आणि तेवढ्यात तो गायला लागला. सावकाश, घाई नाही. एक तुकडा घ्यायचा आणि तोच तीनदा, चारदा, पाचदा म्हणायचा, जसं आपण एखादी ओळ पाठ करतो. मग मध्ये ‘टक्-टक्’, जसा ताल देऊन घेतो, आणि मग पुढचा तुकडा. त्यात दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही गुंफलेले. आजी बोटावर मोजून दाखवत होत्या, ही इथली पाकोळी, हा अमका, हा तमका. मग एक शीळ, तीन पायऱ्या चढून वर जाणारी, इतकी गोड की मी श्वास धरून होते. नंतर लक्षात आलं, हेच तर भृंगराजचं काम, फक्त आकाराने चिमणीपेक्षा लहान.

मी विचारलं, हा कोण? आजी म्हणाल्या, ‘‘वीताकेर्त्तुनेन.’’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘‘इंतियास्ता.’’ म्हणजे भारतातून. ‘‘हा उशिरा येतो, मेच्या शेवटी, कारण तो तुमच्याकडून येतो.’’

मी त्यांना वहीबद्दल सांगितलं. १९९३, निळी शाई, प्रश्नचिन्ह. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांच्या वडिलांनी हा पक्षी आयुष्यभर इथे ऐकला आणि तो हिवाळ्यात कुठे कसा राहतो याचं त्यांना फार कुतूहल होतं. मी त्यांना सांगितलं, तो मेंदीच्या कुंपणात राहतो, आणि खालून रात्री स्कूटर गेल्या तरी तो हलत नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मेंदी हा शब्द मला विचारून लिहिला.

आम्ही दीडपर्यंत तिथे होतो. दीडच्या सुमाराला तो झुडपाच्या वर, उघड्या फांदीवर आला. पूर्वेकडे तेव्हाच तांबडं फुटायला लागलं होतं. दुर्बिणीतून मी नीट बघितला, तीन सेकंद नाही, चांगली दहा मिनिटं. मातकट तपकिरी, अंगावर रेघ नाही, भुवई डोळ्याच्या पुढे आणि मागे विरलेली. गाताना चोचीच्या आतला रंग केशरी दिसतो आणि गळा फुगतो. अथर्वच्या चित्रात फक्त तेवढं नाही, कारण ठाण्यात तो तोंड उघडून गात नाही. निघायच्या आधी एप्रिलमध्ये कधी थोडं गुणगुणतो म्हणतात, तेवढंच. इतकी वर्षं आपण त्याचं नुसतं ‘टक्-टक्’ ऐकत होतो. गाणं तो इथे येऊन म्हणतो, जोडीण मिळेपर्यंत. ती मिळाली की इथेही गप्प.

आता तुमच्यासाठी नाव. आपल्याकडे याला बोरू वटवट्या म्हणतात, ब्लाइथचा बोरू वटवट्या. एडवर्ड ब्लाइथ हा लंडनचा, १८४१ मध्ये कोलकात्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर म्हणून आला आणि १८६२ पर्यंत तिथे होता. त्याने १८४९ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं, अ‍ॅक्रोसेफालस ड्युमेटोरम. ड्युमेटोरम म्हणजे झुडपांमधला. फिनिश नावातलं ‘वीता’ म्हणजेही झाडोरा. इंग्रजी नावात मात्र ‘रीड’ आणि मराठीत ‘बोरू’ शिरला, आणि मला वाटतं आपली अर्धी फसगत तिथेच झाली. बोरूवाला म्हणून तुम्ही त्याला खाडीच्या कडेला, पाणवेलीत शोधलंत, आणि तो बसला होता आपल्याच जिन्याखाली. या देशातही तो काही पूर्वीपासून नाही, विसाव्या शतकात पूर्वेकडून सरकत सरकत आला. त्याआधीपासून तो आपल्याकडे हिवाळे काढत होता.

वजन दहा-बारा ग्रॅम. एक रुपयाची तीन नाणी तळहातावर घेऊन बघा, साधारण तेवढा. ठाण्यापासून इथपर्यंत सरळ रेषेत सुमारे ६,००० किलोमीटर होतात, आणि तो सरळ येत नाही, मध्य आशियातून वळसा घालून येतो. मी ते अंतर विमानात झोपून कापते आणि दोन दिवस दमलेली असते.

आपण त्याला हिवाळी पाहुणा म्हणतो. मी हिशोब केला. मेच्या शेवटी तो इथे येतो, ऑगस्टमध्ये निघायला लागतो. म्हणजे इथे जेमतेम तीन महिने. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, सात महिने. मग पाहुणा कुणाकडे झाला? बाळंतपणाला माहेरी यावं तसा तो इथे येतो, पिल्लं मोठी करतो आणि संसाराला ठाण्याला परत. मी गेली नऊ वर्षं उलट करते आहे. वर्षातले तीन आठवडे ठाण्यात. काल रात्री घरी परत येताना हे फार मनात येत होतं, म्हणून लिहिते.

फ्लेमिंगोंबद्दल सगळे बोलतात, आणि बोलावंच. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य केलं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत घेतलं, याचा मला इथे लोकांना सांगताना अभिमान वाटतो. पण टकटक्याला ना रंग, ना थवा, ना फोटो. त्याला लागतं पाच-सहा फुटांचं दाट झुडूप, ज्यात कीटक असतील आणि मांजर शिरणार नाही. एवढंच.

म्हणून आता मागणं. दादा म्हणत होता, सोसायटीने मागचं मेंदीचं कुंपण काढून तिथे पेव्हर ब्लॉक टाकायचं ठरवलंय, तीन गाड्यांची जागा होईल म्हणून. जुलैच्या मीटिंगमध्ये ते मंजूर होणार. बाबा, तुम्ही कधी मीटिंगमध्ये बोलत नाही, मला ठाऊक आहे. यावेळी बोला. गाड्यांना जागा हवी हे मला कळतं, दादाचीच गाडी रस्त्यावर उभी असते. पण पंपाच्या खोलीपासून चिंचेपर्यंतचा पंधरा फुटांचा तुकडा गाडीच्या उपयोगाचा नाही, तिथे चेंबर आहे, गाडी वळत नाही. मी जानेवारीत बघून आलेय. तेवढा तुकडा राहू दे, आणि तो छाटून कंबरेइतका करू नका, वाढू दे. लागलं तर माझं पत्र वाचून दाखवा. अथर्वचं चित्र दाखवा. सांगा की फिनलंडमधल्या एका आजींच्या वहीत आपल्या मेंदीचं नाव लिहिलेलं आहे.

आणि आई, तुझ्यासाठी एक काम. तू पहाटे गॅलरीत तुळशीला पाणी घालतेस, बाबांच्या आधी उठतेस. सप्टेंबरच्या मध्यापासून कान ठेव. पहिल्यांदा ‘टक्’ ऐकू येईल तो दिवस कॅलेंडरवर लिही, दुधाच्या हिशोबाशेजारी. पाल नाही ती, आता तरी मान्य कर. तारीख कळली की मी इथे आजींना सांगेन. त्यांनी त्यासाठी वहीत एक ओळ मोकळी सोडलीय.

बाबा, गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळेला चालू आहेत ना? डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली की नाही तेही कळवा. माझं तिकीट २० डिसेंबरचं आहे. स्टूल घेऊन येते. नाक्यापर्यंत रिक्षा, पुढे त्यांची गाडी, आणि त्या जाळीपर्यंत पन्नास-पन्नास पावलं. अथर्वला रविवारचा क्लास लावू नका म्हणावं वहिनीला.

१९९३ ची वही काढा. निळं पेन कपाटाच्या वरच्या खणात आहे. प्रश्नचिन्हावर रेघ मारा आणि शेजारी नाव लिहा. तुमचा नियम मोडत नाही, मी बघितलाय, दहा मिनिटं, चांगल्या उजेडात.

दादा-वहिनीला नमस्कार, अथर्वला गोड पापा.

तुमची,
मनू